बॉक्सच्या शेजारची खुर्ची

बेळगावात संगीताचा विषय निघाला की माणसं सावरून बसतात. कुमार गंधर्वांचा जन्म इथल्याच सुळेभावीचा, 1924 सालचा. त्यामुळे गाणं म्हणजे तंबोरे, बैठक आणि शेवटी भैरवी. ऑर्केस्ट्रा हा गणपतीतला, गल्लीतला प्रकार, वर ताडपत्री आणि खाली चिखल. त्याला सगळे जातात, पण जाऊन आल्याचं कुणी मुद्दाम सांगत नाही. मला तो पहिल्यापासून आवडतो. यंदा अप्पांना बरोबर नेलं.

अप्पा वडगावात यंत्रमागांवर जॉबर होते. माग बिघडला की जॉबरला बोलावणं जातं आणि चांगला जॉबर पाना उचलायच्या आधी कान देतो. तेच कान मागांनी खाल्ले. चालू शेडमध्ये आवाज 100 डेसिबलच्या घरात असतो. 85 च्या वर रोज आठ तास, वर्षानुवर्षं काढले की कान झिजतात. झिजतात तेही क्रमानं. आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचा वरचा, बारीक आवाज जातो. स, श यांसारख्या व्यंजनांची धार तिथंच असते. म्हणून अप्पांना हाक ऐकू येते, बोलणं कळत नाही. आई म्हणते, "सात वाजले." अप्पा विचारतात, "काय वाजलं?"

कानाचं मशीन आहे, बहुतेक वेळ डबीत. ते बोलणं ऐकण्यासाठी केलेलं असतं. त्यात ऑर्केस्ट्रा शिरला की सगळा आवाज फाटतो. पहिल्याच गाण्याला अप्पांनी ते काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि उठले. मला वाटलं, निघाले घरी. ते गेले सरळ स्टेजच्या कडेला, बेसचा मोठा बॉक्स ठेवला होता तिथं. तिथं शहाणा माणूस बसत नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला हातानं खूण केली.

तिथून गायिका दिसेना. दिसत होता तो बेस गिटारवाला, पान चघळत, कुणाकडेही न बघता वाजवणारा. त्याच्या पलीकडं ठेका धरणारा ऑक्टोपॅडवाला. अप्पांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर तळहात टेकला, तेव्हा मीही टेकला. ढोलकाच्या थापेला हाताला नुसता धक्का बसायचा. बेसचा सूर मात्र रेंगाळायचा. काही सुरांना खुर्ची जेमतेम हलायची, आणि एखादा सूर असा लागायचा की ते स्वस्तातलं निळं प्लास्टिक पायापासून झणझणायचं. बेसची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झला बोलते. कानाआधी ती हाडांनाच कळते.

गाणं जुनं हिंदी, माझं तोंडपाठ. त्यातलं मधलं म्युझिक म्हणजे आजवर माझ्या लेखी गायिकेनं दम घ्यायची आणि मी शेजारणीशी बोलायची वेळ. अप्पा नेमके तेव्हाच पुढं झुकत. मुखडा संपून अंतरा लागेपर्यंत बेसवाला कुठून कुठं उतरतो, हे मी इतक्या वर्षांत ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी अप्पा माझ्या कानात ओरडले, "बघ गे, आता खाली जातोय!" आणि तो गेला की!

हे मधले तुकडे बांधणारी माणसं वेगळीच असत. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचं अरेंजिंग सेबॅस्टियन डिसूझांचं. मूळचे गोव्याचे. अँथनी गोन्साल्विसही गोव्याचेच, माजोर्ड्याचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडं व्हायोलिन शिकले. इथून चोर्ला घाट उतरलं की गोवा, पण आमच्या निवेदकाला एकाचंही नाव घ्यावंसं वाटलं नाही. त्याला सूत्रसंचालन मराठीत आणि कन्नडमध्ये आलटून पालटून करायचं होतं, कारण पुढून मराठीची फर्माईश आणि मागून कन्नड नट-गायक राजकुमारांच्या गाण्याची. ते कन्नड गाणं झालं तेव्हा मी आणि अप्पा प्रथमच बरोबरीत आलो. माझं कन्नड बाजारापुरतं, म्हणून मला शब्द लागेनात. अप्पांना शेडमुळं उत्तम कन्नड येतं, पण त्यांना ते ऐकूच येईनात. दोघांनी मिळून नुसता ठेका ऐकला. झकास होता.

मग एका मराठी गाण्यात अप्पांचा चेहरा एकदम बदलला. मागाभोवती फिरताना व्हायचा तसाच. "पळायलाय," ते म्हणाले. ऑक्टोपॅडवाला घाई करत होता. मला पत्ता नव्हता, गायिकेलाही नसावा. बेसवाल्यानं मात्र पान चघळणं थांबवून मान वळवली आणि त्याच्याकडं असं बघितलं की दोन ओळींत लय जागेवर आली. मागात सूत घेऊन धावणारा धोटा वेळेआधी सुटला की सूत तुटतं, एवढंच बोलून अप्पा पुन्हा खुर्चीला हात लावून बसले.

घरी आईनं विचारलं, गाणी कुठली कुठली झाली? मी यादी सांगायला लागले. बाई कशी गायली, हेही तिला हवं होतं. "चांगली," मी म्हटलं.

"कोण?" अप्पांनी विचारलं.

"गायिका, अप्पा!"

"होती काय?" म्हणाले, आणि बेसवाल्याला गणपतीत किती देत असतील याची आईपाशी चौकशी करायला लागले.