४३३ होमरन, तरी मुक्काम टोलेडोतच

३ ऑगस्ट २०१५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराचं फिफ्थ थर्ड फील्ड हे बेसबॉलचं मैदान. तिन्ही बेसवर आपले धावपटू उभे असताना माइक हेसमनने चेंडू थेट मैदानाबाहेर घालवला. मायनर लीगमधला, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेखालच्या स्पर्धांमधला, हा त्याचा ४३३वा होमरन. बझ आर्लेट १९३७ मध्ये खेळायचा थांबला तेव्हापासून ४३२चा अमेरिकी विक्रम त्याच्या नावावर होता, तो त्या दिवशी मोडला. (मेक्सिकन लीग धरली तर एक्तोर एस्पिनोचे ४८४ अजून पुढे आहेत.) हा विक्रम मुद्दाम कुणी करायला जात नाही. वर मेजर लीगमध्ये जागा मिळाली असती, तर तो झालाच नसता. तरीही टोलेडोने तो आपला मानला, आणि मला या गावाचं त्याबद्दल मनापासून कौतुक वाटतं. भारताकडून कधीच कसोटी न खेळलेल्या पद्माकर शिवलकरांचे ५८९ बळी आपल्याला पाठ आहेत, पण ते सांगताना आपला सूर नेहमी हळहळीचा. इथे तो अभिमानाचा आहे.

मग एवढे होमरन मारणारा माणूस वर का टिकला नाही?

खेळाचं कारण आधी. पिचर (चेंडू टाकणारा) ते बॅटर अंतर १८.४४ मीटर. ताशी १५३ किलोमीटरचा चेंडू ते साधारण ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरवायलाच त्यातले ०.१५ सेकंद जातात, म्हणजे मारायचं की सोडायचं हे पाव सेकंदात ठरवायचं. हेसमन साडेसहा फुटांच्या आसपासचा, हात लांब. लांब हातांनी चेंडूला जोर मिळतो, पण बॅटचा फेराही लांबतो आणि ती आधी सोडावी लागते. सरळ वेगवान वाटलेला चेंडू शेवटच्या क्षणी खाली-बाहेर वळला की बॅट हवेत. मायनर लीगमधली त्याची सरासरी (दर बॅटिंगमागे यशस्वी फटक्यांचं प्रमाण) .२३२च्या आसपास, मेजरमध्ये .१८८. ट्रिपल-ए या मायनर लीगच्या सर्वात वरच्या पायरीवर असा वळणारा चेंडू, म्हणजे स्लायडर, आठवड्यातून एखाद-दुसरा पिचर टाकतो, वर रोज कोणीतरी टाकतं. आणि वर गेलेल्या अशा खेळाडूला बहुतेक वेळा बाकावर बसवतात. दोन-अडीच तास थंड बसायचं आणि नऊपैकी आठव्या डावात ताज्या दमाच्या पिचरसमोर एकदाच उभं राहायचं.

पण हे अर्धंच कारण. मेजरमध्ये २२३ वेळा बॅटिंग करून त्याने १४ होमरन मारले, म्हणजे दर सोळा वेळांमागे एक. हा वेग नावाजलेल्या होमरनबहाद्दरांच्या जवळचा आहे. २००८ मध्ये डेट्रॉइट टायगर्सकडून (टोलेडो हा त्यांचाच खालचा संघ) २७ वेळांत ५ मारले. त्याआधीच्या वर्षी तो इंटरनॅशनल लीगचा, म्हणजे टोलेडोच्या ट्रिपल-ए स्पर्धेचा, सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. पण त्याच हिवाळ्यात टायगर्सने मिगेल काब्रेराला घेतलं, आणि काब्रेरा क्षेत्ररक्षणात हेसमनच्याच जागा खेळणारा: आधी थर्ड बेस, मग फर्स्ट.

आता मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट: ४० जणांची यादी. प्रत्येक मेजर क्लबकडे ४० खेळाडूंची राखीव यादी असते. त्यातले २६ प्रत्यक्ष संघात असतात (२०१९ पर्यंत २५). यादीतल्या तरुणाला तीन हंगामांपुरते 'ऑप्शन' असतात. त्या काळात क्लब त्याला हवं तेव्हा वर-खाली करू शकतो. ते संपले की खाली पाठवण्याआधी त्याला वेव्हरवर टाकावं लागतं आणि इतर २९ क्लबांपैकी कुणीही त्याला उचलू शकतं. हेसमनसारखा तिशीतला खेळाडू बहुतेकदा मायनर लीगच्या करारावर, म्हणजे यादीबाहेर. त्याला दहा दिवसांसाठी वर बोलवायचं तर आधी यादीत जागा हवी. यादी भरलेली असेल तर कुणाला तरी काढायचं, आणि काढलेल्या खेळाडूचं काय करायचं ते सात दिवसांत ठरवायचं. दहा दिवसांच्या गरजेपायी बावीस वर्षांचा पिचर कायमचा गमवायला कुठला क्लब तयार होईल? टोलेडोत महिन्याला दहा होमरन मारले, तरी हा हिशोब बदलत नाही. पूर्वी सप्टेंबरमध्ये वरचा संघ ४० पर्यंत वाढवता यायचा, तेव्हा यादीतल्या कडेच्या खेळाडूंना थोडे दिवस मिळायचे. २०२० पासून ती मर्यादा २८ आहे.

इथे मला आपलं घरगुती क्रिकेट उजवं वाटतं, आणि तसं म्हणायला मी कचरत नाही. मुंबईचा संघ मुंबईसाठी खेळतो. अमोल मुजुमदारला भारताची कॅप मिळाली नाही, पण २००६-०७ चा रणजी करंडक त्याच्या नेतृत्वाखाली आला, आणि तो करंडक स्वतःच मोठा आहे. मायनर लीगमध्ये विजेतेपदाची लढत तोंडावर असतानाही वरचा क्लब तुमचा सर्वात चांगला पिचर उचलून नेतो.

पैशांचं तर विचारूच नका. २०१८ च्या केंद्रीय कायद्याने मायनर लीगच्या खेळाडूंना ओव्हरटाइमच्या नियमातून वगळलं. २०२१ मध्ये ट्रिपल-एचं किमान वेतन आठवड्याला ७०० डॉलर होतं, तेही फक्त हंगामापुरतं. सप्टेंबर २०२२ मध्ये हे खेळाडू संघटनेत आले आणि २०२३ च्या पहिल्या करारात ट्रिपल-एला वर्षाला किमान ३५,८०० डॉलर ठरले. त्याच वर्षी मेजरचं किमान वेतन होतं ७,२०,००० डॉलर. टोलेडो ते डेट्रॉइट साधारण ९५ किलोमीटर, आणि तेवढ्यात पगार वीसपट. हेसमनसारखे जुने खेळाडू करारात जास्त मागू शकतात हे खरं, पण ती वाटाघाट करण्याचा हक्क मिळेपर्यंत साताठ हंगाम गेलेले असतात. आपल्याकडे २०२१ पासून रणजीतल्या नवख्यालाही सामन्याच्या प्रत्येक दिवसाचे ४०,००० रुपये मिळतात. बीसीसीआयला नावं ठेवणाऱ्यांनी हा आकडाही लक्षात ठेवावा. रणजीचे सामने मोजके असतात हे मान्य, पण सामन्याच्या दिवसाची किंमत तरी कुणीतरी नीट लावली आहे.

हेसमनने ओरिक्सकडून जपानमध्ये एक हंगाम काढला, बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि खेळणं थांबल्यावर टायगर्सच्याच खालच्या संघांत बॅटिंग शिकवायला लागला.

डेट्रॉइटकडे कुणी पाहुणे येणार असतील तर टोलेडोचा सामना जरूर धरा. मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सलग सहा सामने असतात, सोमवारी सुट्टी. जाण्याआधी संघाची यादी बघा आणि त्यातले कोण ४० जणांत आहेत ते शोधा. त्यात नसलेला तिशीतला फर्स्ट बेसमन दिसला, तर दोन स्ट्राइक पडल्यावर (तिसऱ्या स्ट्राइकला बाद) खाली-बाहेर जाणारा स्लायडर तो सोडतो का, ते बघा. त्याचा पुढच्या वर्षीचा करार बराचसा त्यावरच ठरतो.