अजून तीच गाडी? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, पंपावर, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, सगळीकडे हा प्रश्न येतो आणि मेहुण्याकडून तर दर दिवाळीला येतोच. "अहो अजून तीच? काढून टाका की आता." गाडी २००७ची, डिझेल, ४,१२,००० किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव घेत नाही, घेतलं की त्या कंपनीचे भक्त आणि वैरी दोघंही हजर होतात आणि माझं बोलणं राहतं बाजूला.

मला जुन्या गाड्यांचं वेड वगैरे काही नाही हे आधीच सांगतो. ऑफिसातला एकजण मला सारखा त्या अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डनचा किस्सा पाठवतो, १९६६ची व्होल्वो, २०१३ मध्ये ३० लाख मैल पुरे, म्हणजे आपले ४८ लाख किलोमीटर. नाहीतर तो ग्रीसचा टॅक्सीवाला, १९७६ची मर्सिडीज, ४६ लाख किलोमीटर, शेवटी २००४ मध्ये कंपनीच्या म्युझियममध्ये गेली. छान आहे. पण त्या टॅक्सीवाल्याने इंजिनं आलटून पालटून बसवली होती हे कोणी फॉरवर्ड करत नाही. माझ्याही गाडीत तिसरी क्लच प्लेट आहे, दुसरा रेडिएटर आहे, सस्पेन्शनचे बुश किती वेळा घातले ते वहीत बघावं लागेल. मग चार लाख नक्की कोण चाललं, मलाही माहीत नाही.

आणि किलोमीटरचा आकडा बघून तोंड वाकडं करणाऱ्यांनी जरा ऐका. यातले निम्म्याहून जास्त हायवेचे आहेत, माझी नोकरी फिरतीची होती, चिपळूणहून निघायचं आणि इंजिन एकदा गरम झालं की दोनशे किलोमीटर एका लयीत. त्यांनी गाडी फारशी झिजत नाही. रोज दोन किलोमीटर पोराला शाळेत सोडून गार इंजिनवर परत येणारी ऐंशी हजार किलोमीटर झालेली गाडी आतून जास्त थकलेली असते. रबराचं मात्र वेगळं आहे. होज, सील, बेल्ट हे सगळं वर्षं मोजतं, गाडी उभी असली तरी मोजतं. हे मला आज चांगलं कळतं. २०१८ च्या मे महिन्यातही कळत होतं, तेच तर दुखणं आहे.

सासूबाई कराडला आयसीयूत होत्या. सकाळी फोन आला, लगेच निघा. दहाला आम्ही दोघं चिपळूणातून निघालो. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर बॉनेटमधून वाफ. टेम्परेचरचा काटा वर गेलेला, मी तरी "वळणाच्या पुढे जागा आहे तिथे घेतो" म्हणत अर्धा किलोमीटर रेटली. रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, फाटला होता. त्यावर चिकटपट्टी गुंडाळली, प्यायच्या दोन बाटल्या ओतल्या, थांबलो, चालू केली. काटा खाली आलेला बघून मी बायकोला म्हणालो, बघ, झाली थंड. थंड कसली, पाणीच उरलं नव्हतं, सेन्सरला लागायला काही नाही म्हटल्यावर काटा पडणारच. असं तीनदा केलं. दर वेळी पन्नास-शंभर मीटर. आत इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तापून वाकत होतं आणि मी घड्याळ बघत होतो. दीड तास असाच घालवला. ती काहीच बोलली नाही, कठड्यावर बसून फोनला रेंज येते का बघत होती.

साडेबाराला कराडची एसटी वर येताना दिसली. तिने हात केला. कंडक्टरने दार उघडलं आणि मी म्हणालो, "तू हो पुढे, मी गाडीचं बघून येतो."

ती तीनला पोचली. आई सव्वादोनला गेल्या होत्या. मी क्रेन मिळवून, गाडी गॅरेजला टाकून, दुसऱ्याच्या टेम्पोने रात्री नऊला पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परत आली होती आणि पाय धूत होती.

मिस्त्रीने डिपस्टिक दाखवली, ऑइलमध्ये पाणी मिसळून नुसता दुधाचा चहा झालेला. हेड मशीनवर सपाट करायला, गॅस्केट, बाकी सगळं धरून ३८,००० रुपये. तेव्हा सगळे म्हणाले आता तरी विका, ज्या गाडीने ऐनवेळी दगा दिला ती दारात कशाला. मी गप्प बसलो, कारण माझ्या वहीत फेब्रुवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, "खालचा होज मऊ झालाय, पुढच्या वेळी." होज ४५० रुपयांचा. वर कूलंट महाग म्हणून वर्षभर नळाचं पाणी ओतत होतो. गाडी विकली असती तर गाडीनेच दगा दिला असं कायमचं ठरलं असतं, आणि मीही चारचौघात तसंच सांगत फिरलो असतो.

हे ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटायचं. पण मग पैशांचं काय? या गाडीला ५० हजारांच्या वर कोणी बोलत नव्हतं आणि नवीचा हप्ता बघून माझ्या पोटात गोळा यायचा, म्हणजे निम्मा पश्चात्ताप आणि निम्मा कंजूषपणा असणार. सुधारलो म्हणावं तर तसंही नाही. २०२२ च्या मेमध्ये पंधरा वर्षं पुरी होत होती, मार्चमध्ये आरटीओत गेलो असतो तर फेरनोंदणी ६०० रुपयांत झाली असती, १ एप्रिलपासून फी ५,००० झाली आणि मी गेलो एप्रिलच्या शेवटी. मेहुणा म्हणतो मुंबईत वीस वर्षं झाली की टॅक्सीसुद्धा काढतात, २०२३ मध्ये पद्मिनी काळीपिवळीही संपली, तुझी काय अमर आहे का. नाही. चेसीला खालून गंज धरलाय, कोकणातला पावसाळा पत्र्याला सोडत नाही, ज्या दिवशी मिस्त्री म्हणेल आता वेल्डिंग धरत नाही त्या दिवशी बघू. पण रबर मी आता दर चार वर्षांनी सगळं बदलतो, फाटो न फाटो.

बायकोने हा प्रश्न मला कधीच विचारलेला नाही. सात-आठ वर्षांत एकदाही नाही. कराडला अजून याच गाडीने जातो, पोफळी आली की घाटात इंजिनवर भार नको म्हणून मी न सांगता एसी बंद करतो, आणि ती वर पोचेपर्यंत बाहेर बघत नाही, त्या काट्याकडे बघत बसते. काटा खाली पडला तरी घाबरायचं असतं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. परवा घाट संपून हेळवाक आलं तसं म्हणाली, "लावा आता एसी."