अजिंक्यताऱ्यावर मामांची मान

साताऱ्यात दोन दिवस होतो. कास झालं, कंदी पेढे झाले, खंबाटकीत दीड तास अडकणंही झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

मामा हवाई दलातून रिटायर झालेले, सगळी नोकरी रडारवर. पहाटे त्यांना अजिंक्यताऱ्यावर नेलं ते शांतता मिळावी म्हणून, तर तिथं ब्लूटूथ स्पीकर घेऊन पाच पोरं आधीच हजर! मी चरफडत बसलो. मामा मात्र टीव्हीच्या टॉवरकडं बघत उभे.

"उंचावर का बसवत्यात ठाऊक हाय? लहरी जात्यात सरळ आन् पृथ्वी हाय वाकडी. खाली बसलं की लांबचं दिसत न्हाई."

मग गाडी कॅलिफोर्नियावर गेली. लेकीकडं गेले होते तेव्हा माउंट तामालपायसवर पांढरा घुमट दिसला आणि हे ओरडले, "थांबव गाडी!" शीतयुद्धात, 1951 च्या सुमारास, रशियाची बॉम्बफेकी विमानं हेरायला अमेरिकी हवाई दलानं त्या डोंगराचा शेंडा छाटून रडारचं ठाणं उभारलं होतं. 1980 साली ठाणं बंद झालं, रडार मात्र नागरी विमान वाहतुकीच्या कामाला लागलं.

"मग बदललं काय?" मी विचारलं.

मामांनी पेढ्यांचा पुडा कट्ट्यावर ठेवला आणि मान वरखाली हलवायला लागले. सावकाश, एका लयीत. मला वाटलं, चक्कर आली.

"उंची मोजायची अँटेना वेगळी असायची, ही अशी. दिवसभर हो-हो करत. शत्रू कशाला सांगंल, मी किती उंचावर हाय ते? प्रवासी विमान सांगतंय. खालनं 1030 मेगाहर्ट्झवर विचारायचं, ते 1090 वर चार आकडी नंबर आन् उंची धाडतंय. युक्ती मूळची लष्कराचीच, आपलं विमान वळखायची. पण उंची घरबसल्या कळाय लागल्यावर हिला कोण ठेवतंय? काढली."

'काढली' म्हणताना आवाज जरा बसला. आयुष्यभर असल्याच एका अँटेनेला ग्रीस लावलेला माणूस तो.

तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं. एका पोरानं विचारलं, "आजोबा, काय झालं मानेला?" झालं! मामांनी पहिल्यापासून सुरुवात केली, मानेसकट. पोरांनी व्हिडिओ काढला. गाणं चालूच होतं, मान बरोबर त्याच तालावर.

उतरताना मान धरली होती. पेढ्यांचा पुडा कट्ट्यावरच राहिला, हे थेट पोवई नाक्यावर आठवलं.