भाचीची सहामाही आणि इंग्रजीचे काळ

भाची सातवीत, मराठी माध्यम. सहामाही आठवड्यावर आलीय, म्हणून आज तिला इंग्रजीचे काळ शिकवायला बसले. १२ काळांचा तक्ता सूत्रांसकट तोंडपाठ आहे पोरीला! पण स्वतःचं वाक्य करायचं म्हटलं की पेन थांबतं.

तिने लिहिलं, ‘आय हॅव कम यस्टरडे’. यात चुकलं काय, तिला कळेना. आणि का कळावं? आपण सर्रास म्हणतो, ‘मी कालच आलेय’. मराठीत पूर्ण वर्तमानकाळासोबत ‘काल’ खुशाल चालतो. इंग्रजीत गेलेली वेळ नेमकी सांगितली की साधा भूतकाळच हवा, ‘आय केम यस्टरडे’. दोन्ही वाक्यं शेजारी लिहून दाखवली, तर पुढची चार तिने एकटीने केली. काय आनंद झाला मला!

आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी मराठी व्याकरणाच्या तासाला शिकलेले काळ इंग्रजीच्या तासाला कुणी आठवूनही देत नाही. मुलांना येतं त्याचाच आधार द्या ना! (शिक्षक मित्रमैत्रिणींनो, तुम्ही कसं शिकवता ते जरूर लिहा.)

उद्या ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ घ्यायचंय. तिनेच बजावून सांगितलंय.