दोन फुटी फिशटँकसाठी घरचा एलईडी दिवा: पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत

फिशटँकच्या दुकानात वनस्पतींसाठीच्या खास एलईडी दिव्याची चौकशी केली, की त्याची किंमत ऐकून बहुतेक जण निळसर उजेडाची एखादी स्वस्त पट्टी घेऊन घरी परततात. त्या पट्टीखाली मासे चमकतात खरे, पण वनस्पती हळूहळू पिवळ्या पडू लागतात. ज्याला स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न हाताळता येते, त्याला या दोन्हींपेक्षा चांगला दिवा घरी करता येतो. माझे स्पष्ट मत असे आहे, की प्रत्यक्ष एलईडीवर फार खर्च करण्याचे कारण नाही. हात सैल सोडायचा तो वीजपुरवठा, उष्णतेचा निचरा आणि पाण्यापासून संरक्षण या तीन बाबींवर.

प्रथम उजेडाचा हिशेब करावा. 24 × 12 × 12 इंचांच्या टँकचे आकारमान सुमारे 56 लिटर भरते आणि तळाची वाळू, दगड वजा जाता त्यात साधारण 45 ते 50 लिटर पाणी राहते. अनुबियास, जावा फर्न अशा सावलीत तग धरणाऱ्या वनस्पतींना दर लिटरमागे 15 ते 20 लुमेन (दिव्यातून मिळणाऱ्या उजेडाचे माप) पुरतात. व्हॅलिस्नेरिया किंवा क्रिप्टोकोरीनसाठी 20 ते 40 लुमेनचा अंदाज धरावा. त्याहून अधिक उजेड द्यायचा, तर सोबत कार्बन डायऑक्साइड आणि खतही द्यावे लागते. एरवी त्या जादा उजेडाचा फायदा फक्त शेवाळाला होतो. हा हिशेब ढोबळच आहे, कारण लुमेन हे माप माणसाच्या डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर बेतलेले असून त्यात हिरव्या रंगाला झुकते माप मिळते, तर वनस्पती 400 ते 700 नॅनोमीटरच्या संपूर्ण पट्ट्यातला प्रकाश वापरतात. तरीही एका पांढऱ्या एलईडीची तुलना दुसऱ्या पांढऱ्या एलईडीशी करण्यापुरते हे माप उपयोगी पडते.

पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला, की दोन्ही मिळून पांढरा उजेड दिसतो. या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. (वनस्पतींचे अ‍ॅक्वेरियम जगभर लोकप्रिय करणारे जपानी छायाचित्रकारही अमानोच, पण ते ताकाशी आणि हे हिरोशी.) सांगायचा मुद्दा असा, की साध्या 6500 केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे उजेडाच्या छटेचे माप) पांढऱ्या एलईडीत निळा भाग भरपूर असतो आणि पिवळ्या-तांबड्या बाजूचाही पुरेसा असतो. त्यामुळे जांभळट उजेडाचे ‘ग्रो लाइट’ घेण्याची गरज नसते. त्यांच्याखाली वनस्पती काळपट दिसतात आणि माशांचे खरे रंग कळेनासे होतात.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे किराणा दुकानातही मिळणारा 9 वॅटचा एलईडी बल्ब. तो साधारण 900 लुमेन देतो. असे दोन बल्ब टँकच्या वर टांगते ठेवले आणि मागे पांढऱ्या पत्र्याची शेड लावली, की बाजूला सांडणारा उजेड वजा जाताही मध्यम गरजेच्या वनस्पतींचे भागते. यात ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारे सर्किट, बल्बच्या आतच असतो आणि काही बिघडले तर बल्ब बदलला की काम झाले. दोष एवढाच, की 230 व्होल्ट पाण्याच्या डोक्यावर येतात. म्हणून बल्ब पाण्यापासून फूटभर तरी उंच असावेत, त्यांच्या खाली काचेचे झाकण असावे आणि घरात 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेली असावी. ती नसेल तर हा मार्ग सोडून द्यावा.

मला स्वतःला 12 व्होल्टच्या पट्टीचा दिवा अधिक पसंत आहे. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर 5050 जातीच्या, मीटरला 60 एलईडी असलेल्या पट्ट्या मिळतात. कागदोपत्री त्या मीटरला 14.4 वॅट घेतात. साठ सेंटिमीटरच्या तीन ओळी धरल्या तर 26 वॅट होतात, म्हणजे सव्वादोन अँपिअरच्या आसपास. त्यासाठी 3 अँपिअरचा चांगला अ‍ॅडॅप्टर घ्यावा. अगदी काठोकाठ क्षमतेचा अ‍ॅडॅप्टर तापतो आणि लवकर दगा देतो. या पट्टीची कार्यक्षमता बल्बपेक्षा थोडी कमी असते, कारण एका गटातले तीन एलईडी मिळून साडेनऊ व्होल्टच्या आसपास घेतात आणि उरलेले व्होल्ट रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन वाया जातात. शिवाय स्वस्त पट्ट्या पुष्कळदा लिहिलेल्यापेक्षा कमी वीज घेतात आणि अर्थातच उजेडही कमी देतात, तेव्हा विकत घेतानाच मल्टीमीटर लावून अँपिअर पाहावेत.

पट्टी प्लायवुडवर किंवा प्लास्टिकच्या झाकणावर चिकटवू नये. उष्णतेला वाट न मिळाल्याने फॉस्फर लवकर उतरतो आणि पट्टीमागचा गोंदही सुटतो. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचे उरलेले तुकडे पडलेले असतात. त्यातला दोन फुटांहून थोडा लांब तुकडा मागावा, स्पिरिटने पुसून घ्यावा आणि मगच पट्टी बसवावी. तिन्ही ओळी एकामागे एक न जोडता प्रत्येकीला अ‍ॅडॅप्टरपासून स्वतंत्र वायर द्यावी, म्हणजे शेवटच्या ओळीचा उजेड मंदावत नाही. सोल्डर केलेल्या जोडांवर आणि कापलेल्या टोकांवर न्यूट्रल सिलिकॉन लावावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन काच जोडायला उत्तम असले तरी त्यातले अ‍ॅसिड तांब्याला हिरवे करते. अ‍ॅडॅप्टर पाण्याच्या पातळीपेक्षा वर, बाजूच्या भिंतीवर असावा आणि वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्यावा, जेणेकरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न पोहोचता झोळातूनच टपकेल.

दिवा लागला, की उजेड वाढवत नेण्याचा मोह होतो. तो आवरावा. सुरुवातीचे काही आठवडे दिवसाला सहा तास पुरेत आणि पुढे आठांच्या वर जाऊ नये. काचेवर हिरवा थर धरू लागला तर आधी तास कमी करावेत आणि मग पट्टीच्या वायरमध्ये दोनेकशे रुपयांचा पीडब्ल्यूएम डिमर (वीज झपाट्याने चालू-बंद करून उजेड मंद करणारे उपकरण) घालावा. याच्या उलट, वनस्पती अचानक रोडावल्या तर दिव्याला दोष देण्यापूर्वी झाकणाची काच पाहावी: बोअरवेलच्या पाण्याचे शिंतोडे वाळून तिच्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो बराच उजेड अडवतो. पातळ व्हिनेगरने काच पुसून, स्वच्छ पाण्याने धुऊन परत ठेवावी.

टायमर मात्र बॅटरी असलेला डिजिटलच घ्यावा. गोल चकतीचा टायमर स्वस्त असतो, पण वीज गेली की तोही थांबतो आणि पावसाळ्यात रोज तासभर वीज जाणाऱ्या गावात आठवड्याभरातच दिवा संध्याकाळऐवजी मध्यरात्री लागू लागतो.