तुम्ही विचारलंत म्हणून: खुर्ची रिकामी असताना दाढ का काढत नाही?

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या दवाखान्यातली खुर्ची कधी कधी मोकळी असते. बाहेरच्या बाकावरून ती दिसते, मग प्रश्न येतोच. "मॅडम, रिकामीच हाय की ओ खुर्ची. आत्ताच टाका की काढून दाढ. परत हेलपाटा कशाला?" मोबाईलवरून वेळ घेणारे तेच जरा वेगळं विचारतात : नुसतं तपासायला आजची संध्याकाळ मिळते, पण 'दात काढणे' निवडलं की फक्त सकाळच्या वेळा दिसतात आणि त्याही उद्यापासूनच्या. बिघाड आहे का?

बिघाड नाही. ते मीच तसं लावलेलं आहे, आणि त्यामागे एक रात्र आहे.

सांगलीत विश्रामबागेत दवाखाना सुरू केला तेव्हा एक जाड वही होती. एका ओळीला अर्धा तास. ज्याचा फोन आधी, त्याची ओळ. दात काढायचा असो, टाके काढायचे असोत की कवळीचं माप द्यायचं असो, ओळ सारखीच. अशाच एका हिवाळ्यात जत तालुक्यातल्या एक आजी मुलाबरोबर आल्या. ओळ संध्याकाळी सहाची होती. खालची दाढ काढली, अर्धा तास गॉज चावून बसवलं, रक्त थांबलंय हे दोनदा पाहिलं आणि सोडलं. नऊ वाजता मुलाचा फोन. एसटी कवठेमहांकाळच्या पुढे गेली होती आणि आजींचं तोंड रक्तानं भरत होतं. स्वच्छ रुमालाची घट्ट घडी करून दाढेच्या जागी दाबून चावायला लावा, थुंकू देऊ नका, चूळ भरू देऊ नका, एवढंच मी फोनवर सांगू शकत होते. ते वाटेत उतरले, कुणाची तरी जीप मिळाली, आणि अकरा वाजून गेल्यावर आजी परत माझ्या खुर्चीत होत्या. लुगड्याचा पदर भिजलेला. दोन टाके घातले तेव्हा थांबलं. आजी मला काही बोलल्या नाहीत. उलट "लेकी, तुलाबी जेवायला उशीर झाला," म्हणाल्या. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

झालं काय होतं ते सांगते. भुलेच्या इंजेक्शनात औषधाबरोबर बऱ्याचदा थोडं ॲड्रेनलिन असतं. त्यानं त्या भागातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, भूल जास्त टिकते आणि काम करताना रक्त कमी येतं. दोनतीन तासांनी त्याचा असर उतरला की वाहिन्या पुन्हा मोकळ्या होतात, आणि एखाद्याला रक्त परत सुरू होतं. सकाळी दहाला दाढ काढली तर ही घटका दुपारी एकच्या आसपास येते. मी इथं असते, औषधांची दुकानं उघडी असतात, पेशंट जेवायला घरी पोचलेला असतो. संध्याकाळी सहाला काढली तर तीच घटका रात्री नऊला येते, एसटीत.

त्यानंतर मी वही बंद केली आणि मोबाईलवरून वेळ घ्यायची सोय केली. आता कामाच्या प्रत्येक प्रकाराला वेगळं वेळापत्रक आहे. दात काढणं सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. रूट कॅनॉल अकरानंतर, तास तासभराच्या वेळा. तपासणी, टाके काढणं, दात साफ करणं हे दुपारी चारनंतर. मधुमेहाच्या पेशंटना तर सकाळच बरी : नाश्ता झालेला असतो, गोळी घेतलेली असते, साखर उतरून खुर्चीतच चक्कर यायची भीती कमी.

कॅपच्या रंगाचं तर लोकांना नवलच वाटतं. पुढच्या दाताला कॅप बसवायची असेल तर रंग जुळवायला मी पेशंटला पूर्वेच्या खिडकीपाशी उभं करते. हातात नमुन्याच्या दातांची पट्टी असते, ए१, ए२, ए३ अशी. एकेक नमुना ओठाशी धरायचा, दोनतीन सेकंद बघायचं, नजर बाजूला न्यायची, परत बघायचं. फार वेळ टक लावलं की डोळे फसतात. ट्यूबलाईटच्या उजेडात ए२ आणि ए३ मधला फरक मला नीट दिसत नाही, म्हणून हे काम दिवसाउजेडीच. आणि तेही दाताला हात लावायच्या आधी. कारण तोंड उघडं ठेवून दात सुकला की तो आहे त्यापेक्षा पांढरा दिसायला लागतो. एका ताईंना मी पूर्वी संध्याकाळी माप घेऊन कॅप दिली होती. लग्नाच्या फोटोत तो एकच दात वेगळा दिसत होता. कॅप बदलून दिली, फोटो बदलता आला नाही.

आता वेळा लावताना काय बघते तेही लिहिते, कारण हा प्रश्न मला दवाखाना चालवणारेही विचारतात. पहिली गोष्ट, वेळापत्रकं कितीही असोत, कॅलेंडर एकच हवं. सुरुवातीला मी 'दात काढणे' आणि 'रूट कॅनॉल' दोन वेगवेगळ्या कॅलेंडरला जोडले होते. एका सोमवारी अकराला दोन्हीकडे नाव लागलं आणि खुर्ची एक. एका प्रकारात नाव लागलं की ती वेळ बाकीच्या सगळ्या प्रकारांतून आपोआप गेली पाहिजे.

दुसरी, छोटी कामं मोठ्या कामांच्या वेळेत शिरू द्यायची नाहीत. पंधरा मिनिटांची एक तपासणी पावणेबाराला लागली की अकरा ते एकच्या पट्ट्यात तासाच्या दोन वेळा बसत नाहीत, एकच बसते. दिवस भरलेला दिसतो आणि ठणकणारी दाढ घेऊन बसलेल्याला मात्र आठवडा थांबावं लागतं.

तिसरी मर्यादा घड्याळाची नाही, चिमट्यांची आहे. माझ्याकडे दात काढायचे चार संच आहेत. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्रात, १२१ अंशांवर १५ मिनिटं लागतात हे खरं, पण तापणं आणि वाळणं धरून एका फेरीला तासाच्या घरात वेळ जातो. म्हणून सकाळी चारच जण. पाचवं नाव लागतच नाही, आणि लागू नयेच.

दात काढायची वेळ किमान एक दिवस आधी घ्यावी लागते, ती चौकशीसाठी. आमची रिसेप्शनवरची मुलगी फोन करून रक्त पातळ होण्याच्या गोळीचं विचारते. असेल तर मी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलते. ती गोळी कुणीही आपल्या मनानं बंद करू नये, दातासाठी तर नाहीच.

आणि दोन वेळा मोबाईलवर कुणालाच दिसत नाहीत : एक दुपारची आणि एक संध्याकाळी साडेसहाची. बाकावरून जी रिकामी खुर्ची दिसते, ती हीच. ती सुजलेल्या गालासाठी आहे, आणि शाळेच्या मैदानावर पडून दात हातात घेऊन येणाऱ्या पोरासाठी. पक्का दात मुळासकट निखळला तर पहिल्या अर्ध्या तासाला फार किंमत असते. दात मुळाशी न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरायचा, घासायचा नाही, दुधात बुडवून आणायचा. अशा वेळी मी खुर्चीत दुसऱ्याची दाढ अर्धी काढून बसलेली असेन, तर त्या पोराचा दात जातो.

या व्यवस्थेत एक गोष्ट मला सलते. सकाळ सगळ्यांची मोकळी नसते. ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी झाली की तासगावकडचा शेतकरी सकाळी औषध मारायला बागेत असतो, आणि मजुरीवर जाणाऱ्या बाईची सकाळ गेली म्हणजे दिवसाचा पगार गेला. त्यांना "सकाळीच या" म्हणणं मला जमेना. म्हणून महिन्यातले दोन रविवार सकाळी मी फक्त दात काढण्यासाठी दवाखाना उघडते. त्या वेळा मोबाईलवर नाहीत, फोनवरच मिळतात, आणि फोन उचलणाऱ्या मुलीला मी सांगून ठेवलंय की आधी रोजंदारीवाल्यांना.

परवा बाकावर बसलेल्या काकांना त्यातलाच रविवार दिलाय, सकाळी दहा. तोपर्यंतची गोळी लिहून दिली आहे. नाश्ता करून या, मधुमेहाची गोळी चुकवू नका आणि बरोबर एक माणूस आणा, एवढं सांगितलंय. जाताना ते म्हणाले, "बरं, येतो. पण खुर्ची रिकामी होती ओ." साडेसात वाजता ती भरली. बुधगावहून एक बाप मुलाला घेऊन आला, मुलाच्या हातात दुधाचा पेला होता.