७६ वरून ८१ : छातीच्या मापाचे आठ महिने

पोलीस शिपाई भरतीत मुलांची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवल्यावर त्यात ५ सेंटिमीटरची भर पडावी लागते. माझी ७६ होती. उंची १७१, वजन ५० किलो. आई ब्लाऊज शिवते. तिने तिच्या टेपने तीनदा मापून पाहिलं, तिन्ही वेळा तोच आकडा.

"मी भरपूर खातो, पण अंगाला लागत नाही," असं मी सगळ्यांना सांगायचो आणि मला ते खरंच वाटायचं. माझे मामा जुने पैलवान. ते म्हणाले, "आठ दिवस तोंडात जाईल ते सगळं वहीत लिही. मग बोलू."

लिहिलं. पळून आल्यावर चहा-खारी, दुपारी दोन भाकरी आणि पातळ आमटी, रात्री भात. दोन दिवस तर दुपारी जेवलोच नव्हतो. हिशेब केला तर प्रथिनं दिवसाला जेमतेम ४० ग्रॅम. स्नायू वाढवायचे तर वजनाच्या दर किलोमागे दीड ते दोन ग्रॅम लागतात, म्हणजे मला ८० तरी हवीच होती. त्यात रोजचं आठ किलोमीटर पळणं. अंगाला लागणार काय आणि कुठून?

त्याआधी मी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून वजन वाढवायच्या पावडरीचा डबा आणला होता, २,२०० रुपयांचा. मागची बारीक अक्षरं घरी येऊन वाचली. निम्म्याहून जास्त साखर आणि पिष्टमय पदार्थच. ते आईच्या शिलाईचे पैसे होते. तेवढ्यात तीनशे अंडी आली असती, याचं मला अजून वाईट वाटतं.

मग घरचाच खुराक ठरवला. चार अंडी, म्हणजे २४ ग्रॅम. अर्धा लिटर म्हशीचं दूध, साधारण १८. मूठ-दीड मूठ भाजलेले शेंगदाणे, १२. भाकऱ्या दोनाच्या तीन, आमटी घट्ट, आठवड्यातून दोनदा सोयाबीन वड्यांची भाजी. पहिल्याच दिवशी लिटरभर दूध प्यायलो आणि पोट बिघडलं. म्हणून एका कपापासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला थोडं वाढवत गेलो. भूक नसताना पानावर बसणं मला व्यायामापेक्षा जड गेलं. रात्री नऊला तिसरी भाकरी समोर असायची आणि घास फिरायचा. आई काही न बोलता तिच्यावर गूळ-तूप ठेवायची.

पळणं आठवड्यातून तीन दिवसांवर आणलं, उरलेल्यांपैकी तीन दिवस वजनं. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं पडून दांडा छातीवरून वर ढकलणं, नुसत्या २० किलोच्या दांड्यापासून सुरू केला, आठव्या महिन्यात ४५ वर आलो. सोबत जोर-बैठका होत्याच. पण छातीचं माप अडलं होतं ते पाठीमुळे, हे मामांनी दाखवून दिलं. टेप पाठीवरूनही फिरतो ना! पुल-अप्स, म्हणजे दांड्याला लटकून अंग वर ओढणं, आधी दोन निघायच्या, आता अकरा निघतात. पाठ रुंदावली तसं माप सरकू लागलं.

पाचव्या महिन्यात वजन ५५ वर अडकलं. वही काढून पाहिली तर परीक्षेच्या गडबडीत दूध सुटलं होतं आणि झोप पाच तासांवर आली होती. दोन्ही सावरल्यावर काटा पुन्हा हलला.

परवा वजन ५८.५ भरलं. गोळाफेकीत गोळा आधीपेक्षा मीटरभर लांब जातो. आईने मशीनच्या खणातून टेप काढला, मला दोनदा मापलं, तिसऱ्यांदा मामांना मापायला लावलं. ८१, फुगवून ८६.५. तिने तो आकडा खडूने मशीनच्या फळीवर लिहून ठेवला आहे.